एटीव्ही उलटून क्लॅव्हिकल फ्रॅक्चर: व्ही८६ मध्ये ट्रॅफिक की नॉनट्रॅफिक?

ईडी_कोडर:
आयसीडी-१०-सीएमने (अमेरिकेतली निदानांच्या कोडची यादी) कोड करायचा ईडी (आपत्कालीन विभाग) चार्ट आहे. एचपीआयमध्ये (काय घडलं त्याची हकीकत) एवढंच: चारचाकी एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी मोटरगाडी) चालवताना वळणावर गाडी उलटली, पेशंट फेकला जाऊन उजव्या खांद्यावर पडला. एक्स-रेत उजव्या क्लॅव्हिकलच्या (कॉलरबोनच्या) शाफ्टचं (मधल्या भागाचं) फ्रॅक्चर; डिस्प्लेस्ड (हाड जागेवरून सरकलेलं) आहे की नाही, ओपन (जखमेतून उघडं) की क्लोज्ड, काहीच लिहिलेलं नाही. त्याच खांद्यावर आणि उजव्या कोपरावर खरचटलंय. अपघात रस्त्यावर झाला की बाहेर, उल्लेख नाही. फ्रॅक्चरला एस४२.०२१ए आणि अपघाताच्या कारणाला व्ही८६.०५ए लावले, तर एन्कोडर (कोड तपासणारं सॉफ्टवेअर) दुसरा कोड इनव्हॅलिड दाखवतोय. डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा प्रश्न) पाठवायची का? आणि ऑर्थोच्या (हाडांच्या डॉक्टरांच्या) फॉलोअपला हेच कोड परत येतील का?

ऑडिट_डेस्क:
इनव्हॅलिड येण्याचं कारण साधं आहे: सातवं कॅरेक्टर (उपचाराचा टप्पा सांगणारं ‘ए’) सहाव्या जागी बसलंय. मध्ये एक्स हवा. पण एक्स घालूनही व्ही८६.०५एक्सए चुकीचाच, कारण तो ट्रॅफिकचा, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरच्या अपघाताचा आहे. मोटरसायकल, कारच्या चार्टवर हात बसलेला माणूस इथे हमखास फसतो. जागा स्पष्ट नसेल तर व्ही१० ते व्ही८२ आणि व्ही८७ ला ट्रॅफिक धरतात. व्ही८३ ते व्ही८६ ला उलट, नॉनट्रॅफिक. म्हणून व्ही८६.५५एक्सए. नोटमध्ये सार्वजनिक रस्त्याचा उल्लेख आला तरच ०५. गाडी रस्त्यावर घसरून शेतात जाऊन उलटली असेल तरी ट्रॅफिकच, कारण सुरुवात रस्त्यावर झाली.

फ्रॅक्चरसाठी क्वेरीची गरज नाही. डिस्प्लेस्ड की नॉनडिस्प्लेस्ड लिहिलं नसेल तर डिस्प्लेस्ड, ओपन-क्लोज्ड लिहिलं नसेल तर क्लोज्ड. एस४२.०२१ए बरोबर आहे आणि तोच पहिला. एक्स्टर्नल कॉज (इजेच्या बाहेरच्या कारणाचा, इथे व्ही८६) कोड कधीच पहिल्या जागी जात नाही. खांद्याचं खरचटणं वेगळं कोड करू नका, त्याच जागी मोठी इजा आहे. कोपराचं मात्र करा: एस५०.३११ए.

ऑर्थो_कोडिंग:
फॉलोअपबद्दल. ए म्हणजे 'पहिली भेट' नव्हे, ॲक्टिव्ह ट्रीटमेंट. पेशंट ऑर्थोकडे प्लेटिंगसाठी (हाडाला पट्टी बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी) आला तर डॉक्टर बदलला तरी अक्षर ‘ए’ हेच. स्लिंगमध्ये हाड नीट जुळतंय एवढंच बघायला आला तर एस४२.०२१डी, सोबत व्ही८६.५५एक्सडी. जुळायला उशीर लागला तर फ्रॅक्चरला जी, नॉनयुनियनला (हाड जुळलंच नाही तर) के. व्ही कोडला मात्र ए, डी, एस (नंतर उरलेला परिणाम) एवढेच पर्याय, त्यामुळे तिथे डीच राहतो.

वाय९२ (घटनेची जागा), वाय९३ (तेव्हा काय करत होता), वाय९९ (कामावर होता की नाही) फॉलोअपला नकोत. तुमच्या ईडी चार्टवरही जागा लिहिलेली नाही, मग वाय९२ सोडून द्या. रकाना भरायचा म्हणून वाय९२.९ (जागा अनिर्दिष्ट) टाकणं गाइडलाइनलाच मान्य नाही. जंगल लिहिलं असतं तर वाय९२.८२१, शेत असतं तर वाय९२.७३.

ट्रॉमा_रजिस्ट्री:
वाहन नीट वाचा. अमेरिकन नोटमध्ये 'फोर-व्हीलर' दिसलं की ती बहुतेक वेळा एटीव्हीच असते, मोटार नव्हे. एसयूव्ही डोंगरात उलटली तरी व्ही८६ नाही. एक्सक्लूड्स१ टीप (हा कोड इथे लावू नका असं सांगणारी) तिला व्ही५०-व्ही५९ कडे पाठवते. डर्ट बाइक असेल तर पाचवं कॅरेक्टर ६, म्हणजे व्ही८६.५६एक्सए. उभी एटीव्ही दुरुस्त करताना बोट सापडलं तर डब्ल्यू३१ (यंत्राने झालेली इजा).

ईडी_कोडर:
व्ही८६.५५एक्सए क्लीन गेला. याच अपघातातला दुसरा चार्ट आलाय: 'एटीव्हीच्या मागे होता', एवढंच.

ट्रॉमा_रजिस्ट्री:
इथे मात्र क्वेरी पाठवा. सीटवर बसला असेल तर पॅसेंजर, व्ही८६.६५एक्सए. बंपरवर किंवा पायरीवर उभा राहून लटकला असेल तर बाहेरची व्यक्ती, व्ही८६.७५एक्सए. आणि मागे पायी चालत असताना गाडी अंगावर आली असेल तर तो पादचारी; व्ही८६ मधला कुठलाच कोड चालणार नाही.