मदत हवी आहे: सात पेडलचा बोर्ड – शिट्टी, घूं आवाज आणि फझची जागा

सहातारा

नमस्कार मंडळी. गिटारच्या इफेक्ट्सची सुटी पेडल एका बोर्डावर पक्की बसवायची आहेत. लाकूड कापण्याआधी क्रम आणि वीजपुरवठा ठरवायचा आहे, म्हणून हा धागा.

सामान असे: सिंगल कॉइलची गिटार, इफेक्ट्स लूप (अँपच्या मधल्या टप्प्यात पेडल जोडायची सेंड आणि रिटर्न ही सोय, पुढे नुसते 'लूप') असलेला अँप आणि सात पेडल. कंसात लेबलवरचा करंट मिलिअँपिअरमध्ये दिला आहे: ट्यूनर (३०, बफर म्हणजे सिग्नलला आधार देणारे छोटे सर्किट असलेला), वा (१, पायाने हलवून 'वाऽ' असा आवाज काढायचे पेडल), जर्मेनियम फझ (१, पीएनपी ट्रान्झिस्टर), ओव्हरड्राइव्ह (८), फेझर (५), डिजिटल डिले (६५), डिजिटल रिव्हर्ब (९५). सगळी ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण. सध्या एकच १ अँपिअरचा अडॅप्टर आणि त्याला सात फाटे असलेली वायर वापरतो.

अडचणी:

१. डिले आणि रिव्हर्ब त्या वायरवर असताना ओव्हरड्राइव्ह चालू केला की बारीक शिट्टी येते. अडॅप्टर कमी पडतो आहे का?
२. फझला त्याच वायरची पिन लावली की सगळी पेडल बंद पडतात. बॅटरीवर फझ नीट चालतो.
३. क्रम ट्यूनर, वा, फझ असा आहे. फझचा आवाज पातळ आणि टोचणारा येतो, गिटारचा व्हॉल्यूम कमी केला तरी साफ होत नाही.
४. डिले-रिव्हर्ब लूपमध्ये लावले की घूं सुरू होते.

बोर्ड ६०० × ३२० मिमी ठेवायचा विचार आहे. एवढ्यात मावेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

मंद्रसप्तक

आधी वीज, कारण तुमच्या पहिल्या दोन अडचणी तिथल्याच आहेत.

तुमची बेरीज २०५ मिलिअँपिअर होते, म्हणजे अडॅप्टर कमी पडत नाही. मोठा अडॅप्टर आणून शिट्टी जाणार नाही. डिजिटल पेडलच्या आत घड्याळासारखे ठोके देणारे सर्किट असते आणि बहुधा व्होल्टेज बदलणारा छोटा कन्व्हर्टरही असतो. ही पेडल सलग करंट न ओढता झटक्याझटक्याने ओढतात. सामाईक वायरवर ते झटके ऋण तारेतून आणि पॅच केबलच्या (पेडल एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या केबलच्या) बाहेरच्या तारांच्या जाळीतूनही परत जातात. तारेला थोडा का होईना रोध असतो, त्यामुळे तिथे बारीक व्होल्टेज तयार होते आणि ते ओव्हरड्राइव्हला सिग्नल वाटते. तो ते कित्येक पटींनी वाढवतो. पडताळा सोपा आहे: डिले आणि रिव्हर्ब दोन्ही त्या वायरवरून काढून प्रत्येकाला स्वतंत्र अडॅप्टर लावा. शिट्टी गेली तर निदान पक्के.

दुसरी अडचण. पीएनपी जर्मेनियम फझमध्ये बहुतेकदा धन टोक ग्राउंडला जोडलेले असते, बाकी पेडलमध्ये ऋण टोक. पॅच केबलच्या जाळीने सगळ्यांचे ग्राउंड एक झालेले असते. एकाच अडॅप्टरवर दोन्ही प्रकार लावले की त्या जाळीतून अडॅप्टरची धन आणि ऋण टोके थेट एकमेकांना भिडतात. हे शॉर्ट सर्किटच आहे, अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो. पुन्हा करून पाहू नका, प्रत्येक अडॅप्टरमध्ये ही सोय असतेच असे नाही.

दोन्हींवर उपाय एकच: आयसोलेटेड आउटपुटचा पॉवर सप्लाय. अशा सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुट आतून बाकीच्यांपासून वेगळे असते. नुसती भोके जास्त म्हणजे आयसोलेटेड नव्हे. तपासणी अशी: सप्लायचा प्लग काढा, मल्टीमीटर रोध मोजायला लावा आणि दोन आउटपुटच्या केबलींच्या मधल्या संपर्कांमध्ये मोजा. रोध शून्याच्या आसपास दिसला तर ती आउटपुट आतून जोडलेली आहेत. तुम्हाला सात आउटपुट हवीत, त्यांतली निदान दोन २०० मिलिअँपिअरच्या वरची असावीत म्हणजे पुढे मोठे डिजिटल पेडल आले तरी अडणार नाही. करंट गरजेपेक्षा जास्त उपलब्ध असला तर पेडलला काहीही होत नाही, ते लागेल तेवढाच ओढते. व्होल्टेज मात्र जुळलेच पाहिजे. प्रत्येक लेबल वाचा: काही पेडल १२ किंवा १८ व्होल्ट मागतात. लाइन सिक्सचे पहिल्या पिढीचे डीएल-फोर आणि डिजिटेकचे व्हॅमी फोर तर ९ व्होल्ट एसीवर चालतात, त्यांना डीसी सप्लाय चालत नाही.

फझ बॅटरीवरच ठेवलात तरी माझी हरकत नाही. १ मिलिअँपिअरला बॅटरी पुष्कळ टिकते. फक्त इनपुटची पिन वाजवून झाल्यावर काढायची, कारण पिन आत असेपर्यंत बॅटरी चालू राहते, फझ बंद असला तरी.

खरज

क्रमाबद्दल. फझ सगळ्यात आधी, थेट गिटारला. याला पर्याय शोधू नका.

फझ फेस (एक नावाजलेले फझ पेडल) जातीच्या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) खूप कमी असतो. गिटारचा पिकअप, व्हॉल्यूमचे पॉट (नॉबमागचा बदलता रोध) आणि फझचा पहिला ट्रान्झिस्टर मिळून एकच सर्किट बनते. व्हॉल्यूम कमी केला की मधला रोध वाढतो, ट्रान्झिस्टरवरचा मारा कमी होतो आणि आवाज साफ होतो. मध्ये बफर आला की हे नाते तुटते. बफरचा आउटपुट इम्पीडन्स १ किलोओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून फझला पिकअप दिसतच नाही. तुमचा ट्यूनर बंद असतानाही त्याचा बफर चालूच असतो. पातळ, टोचरा आवाज तिथून येतो.

वा फझच्या नंतर. फझच्या आधी वा ठेवला तर तोच कमी इम्पीडन्स वाच्या आउटपुटवर ओझे टाकतो आणि पायाची हालचाल करूनही सूर जवळपास हलत नाही. कधीकधी दोघे मिळून किंचाळतात. वा आधीच हवा असेल तर वाच्या आत, आउटपुटला, छोटा बफर बसवतात. तो वा चालू असतानाच मध्ये येतो, त्यामुळे एरवी फझ थेट गिटारलाच राहतो.

म्हणजे क्रम असा: गिटार, फझ, वा, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, फेझर, अँपचे इनपुट. लूपमध्ये डिले, मग रिव्हर्ब. फेझर ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला तर घेर मऊ होतो, नंतर ठेवला तर ठळक. दोन्ही ऐकून ठरवा, त्यात चूक-बरोबर नाही. सूर लावताना फझ बंद करायला विसरू नका.

ट्यूनरचा बफर इथे उपयोगीच आहे. साधी गिटार केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरते. सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स २.५ हेन्री धरला, तर ६ मीटर केबल आणि दोन पॅच मिळून ७०० पिकोफॅरडला पिकअपचा अनुनाद (ज्या वारंवारतेवर तो सर्वाधिक जोर देतो ती) ३.८ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. बफर नसता तर अँपपर्यंतची केबल धरून १५०० पिकोफॅरड होतात आणि अनुनाद २.६ किलोहर्ट्झवर घसरतो. तारांवरची चमक जाते ती यामुळे. फझ आणि वा दोन्ही ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किट टाळून थेट पुढे जातो असे) आहेत ना, तेवढे तपासा. बफरनंतरच्या केबलची लांबी मग फारशी आड येत नाही.

डाखकाम

चौथ्या अडचणीला ग्राउंड लूप म्हणतात. बोर्डापासून अँपला तीन केबल जातात: इनपुट, सेंड, रिटर्न. तिघींच्या जाळ्या अँपमध्ये एक होतात. बोर्डावर सामाईक वायरच्या ऋण तारेमुळे त्या पुन्हा एक होतात आणि पूर्ण वेटोळे तयार होते. आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र त्यात करंट निर्माण करते, तीच घूं. आयसोलेटेड सप्लाय आल्यावर लूपमधली पेडल इनपुटच्या बाजूपासून सुटी होतील आणि घूं बरीच जाईल. लूपच्या पेडलचे धातूचे डबे बाकीच्यांना टेकू देऊ नका, नाहीतर ग्राउंड पुन्हा जुळते.

त्यानंतरही थोडी राहिली तर तिन्ही केबल बोर्डापासून अँपपर्यंत एकत्र बांधून न्या. वेटोळ्याचे क्षेत्रफळ जितके कमी तितकी घूं कमी. तरीही भागले नाही तर रिटर्नच्या रेषेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

अँपच्या मेन्स प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. घूं जाते म्हणून हा सल्ला सर्रास दिला जातो. आत बिघाड झाला तर गिटारच्या तारांवर मेन्सचे व्होल्टेज येते आणि वाजवणाऱ्याचा जीव जातो.

आधी घूं कुठून येते ते वेगळे काढा. गिटार घेऊन जागच्या जागी वळा. वळताना घूं कमी-जास्त झाली तर ती सिंगल कॉइल पिकअपची आहे, बोर्डाचा दोष नाही. मग सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने थेट जोडा. शांत झाले तर दोष बोर्डाकडच्या जोडणीत. आणि लूपची पातळी पाहा: अँपवर −१० आणि +४ असे बटण असेल तर −१० वर ठेवा, नाहीतर पेडलच्या इनपुटला आवाज फाटतो.

पॅच केबल स्वतः बनवणार असाल तर एक जागा नेहमी चुकते. बऱ्याच गिटार केबलमध्ये तांब्याच्या जाळीखाली काळा, वीजवाहक प्लास्टिकचा थर असतो. तो आतल्या पांढऱ्या आवरणासारखाच निरुपद्रवी वाटतो, पण तो टोकाच्या सोल्डरला टेकला तर सिग्नल जाळीकडे गळतो, आवाज मंद आणि बोथट होतो. मधल्या तारेपासून हा थर २–३ मिमी मागे सोलून काढा. सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास, जाळीला डाख द्यायला दोन-तीन सेकंद पुरे. जास्त तापवले की आतले आवरण वितळते आणि वाकवल्यावर शॉर्ट होते. प्रत्येक केबल मल्टीमीटरवर घ्या: टोक ते टोक शून्याजवळ, टोक ते बाही (प्लगचा बाहेरचा धातूचा भाग) जोड अजिबात दिसू नये, आणि हे मोजताना केबल हलवत राहा.

मंद्रसप्तक

६०० × ३२० मध्ये मावते. वा साधारण १०२ × २५२ मिमी, तो उजव्या कडेला उभा ठेवा. त्याच्या डावीकडे सुमारे ४८० मिमी उरतात. पुढच्या ओळीत फझ (६६), ट्यूनर (७३), ओव्हरड्राइव्ह (७३), डिले (७३): २८५ मिमी. चपट्या प्लगच्या दोन पॅच समोरासमोर आल्या की ३० मिमी अंतर लागते, म्हणून तीन फटींचे ९० आणि दोन कडांचे ६० धरून ४३५. मागे फेझर आणि रिव्हर्ब. पुढून मागे १२९ अधिक १२९ आणि मध्ये पायासाठी ४० मिमी, म्हणजे २९८. पायाने सारखे दाबायचे ते पुढे, एकदा लावून विसरायचे ते मागे. सिग्नलचा क्रम आणि बसण्याची जागा एकच असायला हवी असे मुळीच नाही. फझपासून वापर्यंत लांब पॅच गेली तर जाऊ द्या. तुमची पेडल वेगळ्या मापाची असतील तर कापण्याआधी त्याच मापाचे कागद कापून जमिनीवर मांडा, प्लग लावून.

प्लायवूड १२ मिमी. सलग फळी नको, पट्ट्या ठेवा आणि मध्ये २५ मिमी फट, वायरी खाली सोडायला. मागची उंची ७० आणि पुढची २५ केली तर उतार साधारण ८ अंश मिळतो. सप्लायची उंची मोजून त्यात १० मिमी मिळवा, मगच मागची उंची पक्की करा.

सप्लाय डाव्या बाजूला खाली. वाच्या खाली कधीच नको: वाच्या आतला इंडक्टर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र पकडतो आणि टाच खाली असताना घुमतो. डीसीच्या वायरी एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या, आणि ओलांडावेच लागले तर काटकोनात.

वेल्क्रो लावण्याआधी लाकडाला वार्निश, पूर्ण वाळू द्या. कच्च्या लाकडावर चिकट थर धरत नाही. पेडलचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी पाय काढून जपून ठेवा आणि चिकटवल्यावर २४ तास ताण देऊ नका.

सहातारा

मनापासून आभार. डिले आणि रिव्हर्ब वेगवेगळ्या अडॅप्टरवर घेतल्यावर शिट्टी पूर्ण गेली. फझ पहिला लावून बॅटरीवर ठेवला, आता व्हॉल्यूम ५ वर आणला की स्वच्छ होतो. फझ आणि वा दोन्ही ट्रू बायपासच आहेत. लूपची घूं कमी झाली पण थोडी आहे, तिन्ही केबल एकत्र बांधून पाहतो. एक शंका: सप्लायची सहाच आउटपुट मिळाली तर कोणती दोन पेडल एकत्र चालतील?

डाखकाम

ओव्हरड्राइव्ह आणि फेझर. दोन्ही अॅनालॉग, दोन्हींचे ऋण टोक ग्राउंडला, मिळून १३ मिलिअँपिअर आणि सिग्नलमध्ये शेजारी. दोन फाट्यांची वायर चालेल. डिले-रिव्हर्ब मात्र वेगळेच ठेवा, आणि फझ बॅटरीवर राहणार असेल तर सहा आउटपुट तुम्हाला पुरतातच. बांधल्यावर उरलेली घूं मोजायची असेल तर लूपच्या दोन केबल आधी काढून, मग एकेक लावून ऐका.