उचलून पाडलेला टॅकल: पिवळं दिलं, लाल द्यायला हवं होतं का?

शिट्टीवाला, सांगली

नमस्कार मंडळी. रविवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून इथे विचारतो. मी शालेय रग्बी सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, मॅचला रेफ्री असतो, हे दुसरं वर्ष. रविवारी सतरा वर्षांखालच्या मुलांची मॅच होती. दुसरा हाफ सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील. निळ्यांचा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा खेळाडू, टचलाइनच्या कडेनं सुटला. समोर पांढऱ्यांचा एक पोरगा, अंगानं दणकट, रोज पहाटे तालमीत जाणारा. त्यानं डोकं बरोबर बाजूला ठेवलं, खांदा पोटाशी लावला, दोन्ही हात गुंडाळले. इथवर टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं, इतका चांगला होता की मुलांना दाखवावा. मग त्याचा डावा हात विंगरच्या मांडीखाली गेला आणि त्यानं पाय वर उचलला. कुस्तीत एकेरी पट काढतात ना, अगदी तसा.

विंगर हवेत फिरला. बूट वर, डोकं खाली. बॉल त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, त्यामुळे टेकवायला हात मोकळे नव्हते. उजवा खांदा आणि कानामागची बाजू एकदम जमिनीला लागली. मी दहा पावलांवर होतो, आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आमचं ग्राउंड म्हणजे वर चार बोटं गवत आणि खाली मुरूम.

शिट्टी मारली, वेळ थांबवली. अर्ध्या मिनिटानं विंगर उठून बसला. "ठीक आहे सर," म्हणाला. मी पांढऱ्याला पिवळं दाखवलं, दोन मिनिटं बाहेर. विंगर पुढे खेळला.

मग दोन्हीकडून सुरू झालं. पांढऱ्यांचे कोच म्हणाले, पोरगं उठून उभं राहिलंय, नुसती पेनल्टी पुरे होती, त्यानं काय मुद्दाम केलं का? निळ्यांकडून एक पालक रागानं आत आले, "मान मोडली असती म्हणजे लाल दिलं असतं का?" ज्याला कार्ड दिलं तो पोरगा बाहेर बसून रडत होता. मला म्हणाला, "सर, मी फक्त पाडलं त्याला."

त्या पालकांचा प्रश्न माझ्या मनातून जात नाही, कारण खरं उत्तर "हो" असं आहे. विंगर उठला म्हणून मी पिवळं दिलं. तो तसाच पडून राहिला असता तर हात आपोआप लाल कार्डाकडे गेला असता. टॅकल तोच, पोरगा तोच, पडणं तेच, तरी कार्ड वेगळं. हे बरोबर कसं असेल? आणि मुद्दाम केलं नाही याला किती किंमत द्यायची? जाणकारांनी स्पष्ट सांगा, मला वाईट वाटेल याचा विचार करू नका.

कार्डिफहून

भाऊ, लाल.

तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून आधी उत्तर दिलं. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

मी मूळचा साताऱ्याचा, २००९ पासून इथे वेल्समध्ये. शनिवारी ज्युनिअर क्लबांच्या मॅचना रेफ्री असतो. पण या टॅकलबद्दल मी जे शिकलो ते शिट्टी हातात येण्याच्या आधी, प्रेक्षक म्हणून. १५ ऑक्टोबर २०११. वर्ल्ड कपची सेमीफायनल, वेल्स विरुद्ध फ्रान्स, ऑकलंडला ईडन पार्कवर. इकडे सकाळचे नऊ. कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियममध्ये मॅच पडद्यावर दाखवणार होते आणि ती बघायला ६०,००० हून जास्त माणसं आली होती. मधलं मैदान रिकामं आणि चहूबाजूंनी लाल जर्सी. ऑफिसातल्या मित्रानं मला ओढून नेलं होतं, रग्बीतलं मला तेव्हा फारसं कळत नव्हतं.

वीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती. फ्रान्सचा विंगर व्हिन्सेंट क्लेर, अंगानं लहानसा, बॉल घेऊन आला. वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन, वय २३, त्याच्यावर धडकला. धडक इतकी जोरदार की क्लेर उचलला गेला, पाय डोक्याच्या वर गेले, आणि त्याच क्षणी वॉरबर्टननं हात सोडले. क्लेर पाठीच्या वरच्या भागावर, मानेजवळ पडला. रेफ्री अ‍ॅलन रोलंड. त्यांनी कोणाला विचारलं नाही, पडद्याकडे पाहिलं नाही, सरळ लाल काढलं. आमच्या स्टेडियममध्ये आधी एकदम शांतता. माझ्या शेजारच्या आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मॅच संपेपर्यंत ती परत घातली नाही. वेल्स तासभर पंधराऐवजी चौदा जणांनी खेळले आणि ९-८ नं हरले. एका गुणानं. शेवटी वेल्सच्या हाफपेनीची लांबवरची किक बारच्या जरा अलीकडे पडली.

त्या दिवशी मीही सगळ्यांसारखाच चिडलो होतो. क्लेरला काही झालं नव्हतं, तो पुढे खेळला. रोलंड यांचे वडील फ्रेंच, यावरूनही लोक नको ते बोलले. महिनाभर इथे दुसरा विषय नव्हता.

मग रेफ्रीचा कोर्स करताना मी नियम वाचला. आता तो ९.१८ आहे. समोरच्याला जमिनीवरून उचलून, डोकं किंवा धडाचा वरचा भाग जमिनीला लागेल असं सोडू नये किंवा रेटू नये. एवढंच. "मुद्दाम" हा शब्द त्यात नाही. "इजा झाली तर" हे नाही. लोक सारखं म्हणतात ते "आडव्याच्या पुढे गेला", म्हणजे पाय डोक्याच्या वर गेले, तेही नाही. सोडणं आणि रेटणं एकाच वाक्यात आहे, आणि बहुतेकांना हेच ठाऊक नसतं. आपटलं नाही, नुसता हात सुटला, ही सबब तिथे चालत नाही. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी बोर्डानं रेफ्रींना लेखी कळवलं होतं की अशा टॅकलला विचार लालपासून सुरू करा, आणि तसंच कारण दिसलं तर खाली पिवळ्यावर या. म्हणजे दोन वर्षं आधी सगळ्यांना सांगून झालेलं होतं. रोलंड यांनी सेमीफायनल आहे म्हणून ते बाजूला ठेवलं नाही, एवढंच. वॉरबर्टनला पुढे तीन आठवड्यांची बंदी आली, आणि नंतर त्यानं स्वतः सांगितलं की निर्णय बरोबर होता.

ही सक्ती कुठून आली तेही बघा. २५ जून २००५, क्राइस्टचर्च, लायन्सची, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्र संघाची, पहिली टेस्ट. मॅच जेमतेम सुरू झालेली. ऑल ब्लॅक्सच्या, म्हणजे न्यूझीलंडच्या, टाना उमागा आणि केव्हन मेआलामू यांनी लायन्सचा कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल याला दोन बाजूंनी उचलून खाली घातलं. डोक्यावर पडू नये म्हणून त्यानं हात पुढे केला आणि खांदा निखळला. दौरा तिथेच संपला. कार्ड नाही, नंतर सुनावणीसुद्धा नाही. इथली जुनी माणसं तो विषय निघाला की अजून तावातावानं बोलतात.

आता तुमच्या मॅचकडे येतो. तुमच्या विंगरला हात पुढे करायचीही सोय नव्हती, हे तुम्हीच लिहिलंय. उचलला, पाय वर गेले, आणि खाली आणताना धरून ठेवला नाही. खांदा आणि कानामागचा भाग टेकला. यात पिवळ्यावर उतरायला कारण कुठलं? समजा त्या पोरानं उचलल्यावर चूक ओळखून त्याला घट्ट धरलं असतं, स्वतः गुडघ्यावर बसून पाठीवर उतरवलं असतं, तर मीही पिवळं दिलं असतं, कदाचित नुसती पेनल्टी. विंगर नंतर उठला की नाही हे त्याच्या नशिबावर होतं. टॅकल करणाऱ्यानं काय केलं ते त्याच्या आधीच घडून गेलं होतं.

एक सवय लावून घ्या. टॅकल लागला की आपली नजर लगेच पुढच्या रकवर, म्हणजे पडलेल्या बॉलवरच्या रेटारेटीवर, जाते, कारण बॉल तिकडे जाणार असतो. ती जाऊ देऊ नका. बॉलवाल्याची कंबर बघत राहा, तो पूर्ण खाली येईपर्यंत. कंबर खांद्याच्या वर गेली की शिट्टी तोंडाजवळ. मग वेळ थांबवा, दोन्ही टीमला बाजूला करा, टच जजला, म्हणजे रेषेवरच्या पंचाला, विचारा, मोठा श्वास घ्या, आणि मग कार्ड. वरच्या मॅचना आता पडदा आहे. २०२३ पासून रेफ्री पिवळं दाखवून हातांची फुली करतो आणि बाहेर बसलेला अधिकारी आठ मिनिटांत लाल की पिवळं ते सांगतो. तुमच्या-माझ्याकडे आपले दोन डोळे आणि टच जजचे दोन.

जुना हूकर

कार्डिफकरांचा मान ठेवून थोडं वेगळं मांडतो. मी मुंबईत पंधरा वर्षं खेळलोय. वर्ल्ड कपमधला खेळाडू आणि सतरा वर्षांचं पोर यांना एका मापानं मोजू नका. ते पोर लहानपणापासून मातीत पट काढायला शिकलंय. तिथे उचललं की वस्ताद पाठ थोपटतात, बघणारे टाळ्या देतात. कबड्डीतही रेडरला उचलून धरतात. त्याच्या अंगात ते मुरलंय. त्याला लाल दाखवलंत तर तो ग्राउंडवर परत येईल का? आपल्याकडे आधीच पोरं मिळत नाहीत. पिवळं द्या आणि जवळ घेऊन समजवा, असं माझं मत.

फिजिओ ताई, कोल्हापूर

दादा, तुमचा मुद्दा कळतो, मी स्वतः आखाड्यातल्या मुलांना तपासते. पण तालमीतली माती आधी खोदून भुसभुशीत करतात, त्यात तेल, ताक, हळद घालतात. समोरचा पैलवानही पट येणार हे जाणून असतो, त्याचे हात मोकळे असतात, कसं पडायचं ते त्याला शिकवलेलं असतं. इथे बॉल कवटाळलेला मुलगा मुरमावर पडलाय. माझ्या दृष्टीनं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मार्च २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात रग्बी लीगच्या (रग्बीचाच दुसरा प्रकार) मॅचमध्ये अ‍ॅलेक्स मॅकिनन नावाचा खेळाडू असाच तिघांच्या टॅकलमध्ये उचलला जाऊन पडला. मानेचे मणके मोडले. तो व्हीलचेअरवर आला, वय २२. त्यातही कोणाचा हेतू वाईट नव्हता.

आणि शिट्टीवाले, कार्डाइतकीच मला दुसरी गोष्ट खटकली. कानामागे मार लागलेला मुलगा "ठीक आहे सर" म्हणाला आणि तुम्ही त्याला खेळू दिलंत. सतरा वर्षांचा मुलगा दुसरं काय म्हणणार? डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी बाहेर, परत आत नाही. हात-पाय हलवता येतात का, मान दुखते का, मुंग्या येतात का, हे पडलेल्या जागीच, न हलवता विचारायचं. उठून बसायला सांगायचं नाही, पाणी पाजायला कोणी धावत आलं तर थांबवायचं. मानेबद्दल शंका असेल तर मॅच कितीही वेळ थांबू दे, डॉक्टर किंवा अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत डोकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवायचं. कृपा करून त्या मुलाच्या घरी फोन करा. डोकं दुखतंय का, उलटी झाली का, झोप नीट लागते का, विचारा.

कार्डिफहून

ताई, हे माझ्या उत्तरात यायला हवं होतं, राहून गेलं. धन्यवाद.

हूकर दादा, परत येईल का, ही तुमची काळजी खरी आहे. पण लाल दाखवताना आवाज चढवायची गरज नसते. मी कोचला जवळ बोलावून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो: टॅकल कमरेपर्यंत चांगला होता, हात मांडीखाली गेला तिथे चुकलं. वयानं लहान म्हणून मी उलट जास्त कडक वागतो, कारण त्यांच्या माना अजून भरलेल्या नसतात. शिट्टी झाल्यावर उचललं तर तिथे मला विचारसुद्धा करावा लागत नाही. २०१९ मध्ये शिझुओकाला वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या दोन प्रॉप्सनी, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूंनी, दक्षिण आफ्रिकेच्या फर्म्युलनला शिट्टीनंतर डोक्यावर घातलं. रेफ्री वेन बार्न्स यांनी त्यांतल्या लोवोत्तीला लाल दिलं. मैदानावर एकालाच मिळालं, पण नंतर बंदी दोघांवरही आली. दोघांनी एकेक पाय धरला असेल तर कोणी उलटवलं हे बघा. नाही ठरवता आलं, तर दोघांचे नंबर लिहून रिपोर्ट द्या.

शिट्टीवाला, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचल्या वाचल्या विंगरच्या घरी फोन केला. आई बोलल्या. दोन दिवस डोकं दुखत होतं, त्यानं घरी सांगितलं नव्हतं, उजेडाचा त्रास होतो म्हणून शाळेत गेला नाही. आता डॉक्टरांना दाखवलंय, तीन आठवडे खेळ बंद. माझी चूक मी त्यांच्याजवळ कबूल केली. त्या रागावल्या नाहीत, पण खूप वेळ गप्प होत्या.

रिपोर्ट आज पाठवला. त्यात लिहिलं की पिवळं दिलं, ते लाल असायला हवं होतं, आणि खेळाडूला मी तपासून बाहेर ठेवायला हवं होतं.

पांढऱ्यांच्या कोचशीही बोललो. हूकर दादा म्हणतात तसं ते पोर दोन दिवस प्रॅक्टिसला आलंच नव्हतं, काल आलं. शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे जातोय. पट काढणारी अजून चार पोरं आहेत त्यांच्यात. पाय धरला तर धरा, पण हात गुडघ्याच्या वर आतून घालायचा नाही, आणि समोरचा उचलला गेलाच तर त्याला सोडायचं नाही, स्वतः त्याच्याबरोबर खाली बसायचं, हे करून बघणार आहोत. आधी तालमीतल्या मातीत, वस्तादांच्या समोर. त्यांना विचारलं, ते हो म्हणाले.