चार फुटी टाकीत बांबू शार्क

भाऊ, दुकानातलं बांबू शार्कचं वीतभर पट्टेरी पिल्लू चार फुटी रीफ टाकीत, म्हणजे जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, सोडायचं म्हणताय, पण तेच वाढून तीन फुटांवर जातं. मग नीट वळताही येत नाही त्याला. दिवसभर तळाशी पडून असतं. रात्री वाळू उकरत, फटीफटीत तोंड घालून कोळंबी-खेकडे फस्त करतं, सैल रचलेले दगड ढासळतात. कुणी माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध सुचवलंय, ते कृपा करून नको: शार्क आणि प्रवाळ, दोघांनाही ते विषच. त्यात आपल्या जळगाव-भुसावळचा मे महिना! पारा ४५ अंशांना टेकतो, पाणी हवं २५च्या आसपास. चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) लागेलच, आणि भरदुपारी वीज गेली की तोही बंद. तापलेल्या पाण्यात प्राणवायू घटतो, शार्क तडफडतो. मला तरी हे घरात पाळायचं जनावर वाटत नाही.