दीड-दोन तासांची फॅनमेड लेव्हल लोक शेवटपर्यंत कशामुळे खेळतात? (डूमचा मॅप बनवून राहिलो)

कूलर_समोरचा

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, वेळ असेल तर वाचा. डूम 2 (मॉन्स्टर मारायचा जुना बंदूकवाला गेम) साठी मॅप, म्हणजे लेव्हल, बनवून राहिलो, अल्टिमेट डूम बिल्डर नावाच्या एडिटरमधे. याच्या आधी छोटे छोटे केले, दहा मिनिटांत संपणारे, मित्रांनी खेळले, "भारी आहे बे" म्हणाले, झालं. आता डोक्यात एकच मोठी लेव्हल आहे. तोतलाडोह धरणावर गेलो होतो तेव्हा सुचलं, एक जुनं बंद पडलेलं धरण, वरून खाली उतरत उतरत जायचं, आत गॅलऱ्या, टर्बाइन हॉल, एकदम तळाशी पाणी. आरामात दीड-दोन तास चालेल एवढं.

घोळ असा आहे की दुसऱ्यांच्या मोठ्या लेव्हल मी खेळतो तेव्हा काही काही एका बैठकीत संपवतो, आई जेवायला हाका मारून थकते, आणि काही अर्ध्यात सोडतो ते परत उघडतच नाही. बरं दोन्ही दिसायला एक नंबर. मॉन्स्टर तेच, बंदुका त्याच, टेक्स्चर पण पुष्कळदा तेच. मग बिघडतं कुठं? मॉन्स्टर वाढवायचे का कोडी वाढवायची? लोक मधे मधे सेव्ह करतीलच असं धरून चालायचं का? "मजा आली पाहिजे" असं उत्तर नका देऊ भाऊ, ते मलेही माहीत आहे.

महालातला_गडी

मी डूमपेक्षा क्वेकचे (डूमसारखाच बंदुकीचा गेम) मॅप जास्त खेळतो, पण गोष्ट तीच. माणूस कंटाळतो तो आपण कुठं आहो हे समजेनासं झालं की. तोवर लेव्हल किती का मोठी असेना, चालते.

आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या घे. पहिल्यांदा येणारा चक्रावतो, पण दोन-तीन वेळा फिरून फिरून बडकस चौकातच निघाला की त्याच्या डोक्यात आपोआप नकाशा बसतो, मग तो मुद्दाम आडवाटेनं जाऊन पाहतो. आणि आउटर रिंग रोडनं गाडी हाणत गेलं तर अंतर तेवढंच, पण लक्षात काय राहते? काहीच नाही. तुझ्या ज्या लेव्हल अर्ध्यात सुटल्या त्या आठवून पाह, बहुतेक रिंग रोडवाल्या असतील. खोली, दार, खोली, दार, मागची खोली परत कधी कामी येतच नाही.

तुझ्याकडे टर्बाइन हॉल आहे ना, तोच तुझा चौक कर. सुरुवातीलाच वरच्या गॅलरीतून जाळीतून तो खाली दिसू दे, लाल चावी तिथं चबुतऱ्यावर ठेवलेली दिसू दे, पण पोचता येऊ नये. मग अर्ध्या तासानं माणूस भलत्याच दारातून त्याच हॉलमधे निघाला पाहिजे, खालच्या मजल्यावर, आणि वर पाहून म्हटला पाहिजे की अरे, मी तिथं उभा होतो! आर्केन डायमेन्शन्स या क्वेकच्या फॅनमेड संचातला फरगॉटन सेपल्कर मॅप खेळला असशील तर समजेल मी काय म्हणून राहिलो. प्रचंड मोठा आहे, पण रस्ते एकमेकांत असे गुंतवले आहेत की तुटल्यासारखं वाटत नाही.

अजून एक, परत आणशील तेव्हा जागा जशीच्या तशी ठेवू नको. पाणी उतरलेलं असू दे, लाईट गेलेले असू दे. 2023 मधे मायहाऊस नावाचा डूमचाच मॅप आला होता, त्यात तर पूर्ण खेळच तो आहे, साधं घर, त्याच घरात परत परत यायचं आणि दरवेळी घर थोडं थोडं बदललेलं. जास्त सांगत नाही, खेळला नसशील तर मजा जाईल.

एमएच_31

वरच्या भाऊचं बरोबर आहे पण नकाशा कितीही भारी असला अन् मारामारी रटाळ असली तर कोणी टिकत नाही. डूम आहे तो, म्युझियम नाही.

मोठ्या मॅपमधे लोक काय करतात, लेव्हल लांब वाटावी म्हणून कॉरिडॉरमधे बॅरन (लवकर न मरणारा मोठा मॉन्स्टर) भरून ठेवतात. आता हिशोब पहा. बॅरनची हेल्थ 1000, त्याच्या छोट्या भावाची, हेल नाईटची 500, अन् दोघंही फेकतात तोच हिरवा गोळा, वागतात पण सारखेच. सुपर शॉटगनचे 20 छर्रे सगळेच्या सगळे लागले तर सरासरी 200 च्या आसपास डॅमेज होते. म्हणजे अरुंद जागेत एक बॅरन म्हणजे पाच-सहा वेळा तेच, गोळी मार, मागं सरक, बंदूक भर, पुढं ये. तिथं नाईट ठेवला तर दोन-तीन फायरमधे आडवा, अन् खेळणाऱ्याले फरक काहीच जाणवत नाही, फक्त कंटाळा अर्धा होतो. असे चाळीस बॅरन टाकले म्हणजे तू त्या माणसाचा पाव तास खाल्ला, बदल्यात काही दिलं नाही.

बॅरन टाकायचाच तर मोकळ्या हॉलमधे टाक, सोबत सायबरडेमॉन दे, त्याचं एखादं रॉकेट बॅरनले लागलं की ते दोघं आपसात भिडतात अन् आपण बाजूले उभं राहून तमाशा पाहायचा. (बॅरन अन् नाईटचे गोळे एकमेकांले लागत नाहीत, त्यांची जोडी लावून भांडण पेटेल असं समजू नको.) अन् आर्चव्हाईल मेलेले मॉन्स्टर उठवतो, म्हणून त्याले जुन्या खोलीत सोड, जिथं माणसानं मगाशी वीस-पंचवीस पाडून ठेवले आहेत. महालवाला जे म्हणते ना परत येताना जागा बदललेली पाहिजे, हे पण तेच झालं, फुकटात.

बाकी नुसत्या आकड्यांच्या नादी लागू नको. 2001 चा नट्स नावाचा मॅप आहे, दहा हजारांच्या वर मॉन्स्टर, मोठ्या मैदानात. गंमत म्हणून सगळे एकदा उघडतात. रविवारची दुपार कोणी त्यात घालते का?

एक मोठी लढाई झाली की पाच मिनिटं काहीच नको. रिकामी गॅलरी, पाण्याचा आवाज, कोपऱ्यात सोलस्फिअर (हेल्थ वाढवणारा गोळा). लागोपाठ मारामारी दिली तर तिसऱ्या लढाईपासून माणूस बधिर होऊन खेळते. गोळ्यांचंही तसंच. पहिल्या अर्ध्या तासात बॅकपॅक देऊन टाक, नाहीतर 50 काडतुसांच्या वर उचलताच येत नाहीत अन् माणूस दर दोन खोल्यांनी मागं पडलेले डबे आणायले पळते.

जुना_सीडीवाला

मंडळी मी वयानं तुमच्या काकासारखा, डूम मी कधी धड खेळलो नाही, पण फॅन लेव्हलचं व्यसन मलाही होतं, टॉम्ब रेडरचं. 2000 साली टॉम्ब रेडर क्रॉनिकल्सच्या पीसी आवृत्तीसोबत कंपनीनं स्वतःचाच लेव्हल एडिटर दिला होता, आणि त्यानंतर लोकांनी जे बनवायला घेतलं ते आजतागायत थांबलेलं नाही. त्यातल्या कित्येक लेव्हल तीन-तीन तासांच्या. सीताबर्डीतल्या एका कॅफेत बसून डाउनलोड करायचो आणि सीडीवर टाकून घरी आणायचो, तेव्हा घरी नेट कुठलं.

मला कंटाळा लढायांचा कधी आला नाही, आला तो खटक्यांचा. लाराने (टॉम्ब रेडरची नायिका) खटका ओढला की मूळ गेममधे पुष्कळदा कॅमेरा क्षणभर दुसरीकडे जातो आणि उघडणारं दार दाखवतो. तेवढ्या दोन सेकंदांत तुम्हाला कळतं की हं, ते मघाचं दार, चला. काही फॅन मंडळींना वाटायचं की हे दाखवलं तर फार सोपं होईल, म्हणून ते कॅमेराच द्यायचे नाहीत. मग काय, खटका ओढला, कुठंतरी घरघर आवाज आला, आणि आता अख्खं मंदिर पुन्हा पालथं घाला, प्रत्येक दार तपासत. हे कोडं नव्हे, हा छळ आहे. कोडं अवघड असावं, कोडं सोडवल्यावर काय झालं हे अवघड नसावं.

तुमच्या धरणात असं करता येईल की खटका आणि त्याचं दार एकाच नजरेत येतील, किंवा निदान मधे खिडकी असेल. दूरचंच दार उघडायचं असेल तर खटक्याजवळ भिंतीवर त्या दाराच्या रंगाची पट्टी द्या. आणि एका खटक्यानं एकच काम होऊ द्या.

तांत्रिक गोष्ट एक ऐकून आहे, डूमवाले दुरुस्त करतीलच. जुन्या मूळ डूममधे फार मोठी लेव्हल केली तर सेव्ह करतानाच गेम बंद पडायचा म्हणे?

एमएच_31

बरोबर ऐकलं काका. मूळ डॉस व्हर्जनमधे सेव्ह फाईलले 180 केबीच्या जवळपास मर्यादा होती, नकाशा मोठा अन् मॉन्स्टर ढिगानं असले की ती ओलांडून गेम पडायचा. डिसेंबर 1997 मधे आयडीनं (डूमची कंपनी) सोर्स कोड मोकळा केला, 1998 मधे बूम (डूम चालवणारी सुधारित आवृत्ती) आलं, अन् तिथून या मर्यादा निघत गेल्या. म्हणून खऱ्या अर्थानं अवाढव्य मॅप त्याच्यानंतरच बोकाळले. कूलरभाऊ, बूम किंवा जीझेडडूमसाठीच (तशीच सुधारित आवृत्ती) बनव, व्हॅनिलाच्या, म्हणजे मूळ डूमच्या, नादी लागू नको.

टॅप_टॅप_टिंग्या

मी जरा उलटं बोलतो, शिव्या देऊ नका. एकाच लेव्हलमधे दोन तास कशाला पाहिजे? मी जॉमेट्री डॅश (तालावर उड्या मारत पुढं जायचा गेम) खेळतो, आमच्याकडे दोन मिनिटांच्या वर गेलं की एक्सएल म्हणतात, सगळ्यात मोठी कॅटेगरी तीच. आणि नॉर्मल मोडमधे चेकपॉइंट नाही, 97 टक्क्यांवर मेला तरी शून्यापासून. तरी लोक एकाच लेव्हलला महिने महिने देतात. तुझं धरण चार लेव्हलमधे तोड ना, कोणी पहिलीच खेळेल तर त्याला काहीतरी पूर्ण केल्याचं समाधान तरी मिळेल, आत्ता अर्ध्यात सोडलं तर हातात काहीच नाही.

आणि एक नियम आमच्याकडचा चांगला आहे, बनवणाऱ्यानं स्वतः ती लेव्हल पूर्ण केल्याशिवाय अपलोडच होत नाही. मारिओ मेकरमधे पण तसंच. तू तुझा मॅप पहिल्यापासून शेवटपर्यंत, चीट न मारता, सलग खेळलास का कधी? बिल्डरमधे उडत उडत पाहणं वेगळं.

महालातला_गडी

टिंग्या, सलग खेळायचं म्हणतो ते एकदम पटलं. तोडायचं नाही पटलं. धरणाचे चार तुकडे केले तर वरून दिसलेला हॉल अन् नंतर खालून दिसलेला हॉल हे होणारच कसं? डूममधे सहसा लेव्हल बदलली की मागचं सगळं पुसलं जाते, मेलेले मॉन्स्टर, उघडलेली दारं, सगळं. ज्याला परत फिरून यायचंच नाही त्यानं खुशाल तोडावं.

जुना_सीडीवाला

मला टिंग्याचं निम्मं पटतं. तोडू नका, पण घरी जायला थांबे द्या. माणसाला कामधंदा असतो, वर उन्हाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. थांबा म्हणजे काय, तर जिथं एक काम स्पष्ट संपलं आणि पुढचं अजून सुरू झालं नाही अशी जागा. चार दिवसांनी जुनी सेव्ह उघडली तर समोर तीन उघडी दारं आणि हातात कुठली चावी आहे ते आठवत नाही, तिथंच गेम कायमचा बंद होतो.

कूलर_समोरचा

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. टिंग्या, सलग नाही खेळलो अजून, तुकड्या तुकड्यानंच तपासून राहिलो, तळमजला झाला की खेळतो. धरण तोडत नाही. हॉलला मधोमध आणतो, आत्ता तो एकदम शेवटी आहे अन् एकदाच दिसतो. काकांचं थांब्याचं असं करतो, दर मोठ्या टप्प्यानंतर हॉलच्याच एका गॅलरीत आणून सोडायचं, तिथून पाणी किती उतरलं ते दिसते, म्हणजे चार दिवसांनी उघडलं तरी कळेल काम कुठवर आलं. खाली पाण्यात बॅरन होते पुष्कळ, किती ते नाही सांगत, त्यांचे नाईट करून टाकतो.

एकच अडलं. पाणी तीन टप्प्यांत उतरवायचं आहे अन् तीन वेगवेगळे खटके आहेत. कोणी आधी तिसरा ओढला तर?

एमएच_31

तर ओढूच देऊ नको. दुसरा खटका पहिल्या टप्प्याच्या पाण्याखाली बुडालेल्या दारामागं ठेव, तिसरा दुसऱ्याच्या. पाणी उतरलं की दार दिसते, सांगायची गरजच नाही. अर्धा कच्चा असला तरी पाठव, या शनिवारी मी अन् माझा भाऊ खेळून पाहतो. त्यानं डूम आधी कधीच खेळला नाही, त्याच्या मागं उभं राहून पाहीन कुठं कुठं अडकते ते, बोलणार काहीच नाही.