लिस्बन, दोघांनी, सावकाश : तुमचेही अनुभव लिहा

ऑक्टोबरात आम्ही दोघं आठ दिवस लिस्बनला राहून आलो. एकाच शहरात आठ दिवस करणार काय, असं घरात सगळ्यांनी विचारलं. मुलीने तर तासातासाची यादी करून दिली होती. पहिल्याच संध्याकाळी ती बॅगेत ठेवून दिली, कारण ह्यांचा उजवा गुडघा. लिस्बनला सात टेकड्यांचं शहर म्हणतात. नकाशावर ते कळत नाही, तिथे कळतं. रस्ता संपला की जिना, जिना संपला की पुन्हा चढ. म्हणून ठरवलं, दिवसाला एकच टेकडी. सकाळी चढायचं, वर निवांत बसायचं, जवळपास जेवायचं आणि उन्हं कलली की उतरायचं.

घर ग्रासा भागात घेतलं होतं. घरमालकीणबाई सत्तरीच्या, इंग्रजी अगदी बेताचं. किल्ली हातात देताना म्हणाल्या, "शाव्ह." मी म्हटलं, "चावी." त्यांना वाटलं मला उच्चार जमत नाहीये, म्हणून पुन्हा सावकाश म्हणून दाखवला. मग मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. टोपलीतला बटाटा, ओट्यावरचा पाव, कोपऱ्यातली बादली, एकेकावर बोट ठेवून मराठी नाव सांगत गेले, सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडूनच आलेले. बादलीला त्या "बाल्द" म्हणतात. कोबीपाशी "कोव्ह" ऐकलं आणि आम्ही दोघी हसायलाच लागलो. नंतर रोज सकाळी जिन्यात भेटल्या की हातातली एखादी वस्तू वर धरून विचारायच्या, हे तुमच्यात काय? निघताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, माझ्याही.

ग्रासाहून जवळच 'सेन्योरा दो मोंत' हा मिरादोरो आहे. मिरादोरो म्हणजे वरून शहर बघायची मोकळी जागा, प्रत्येक टेकडीवर एखादी तरी असतेच. पाईनची झाडं, समोर साओ जोर्जचा किल्ला, खाली लाल कौलं आणि पलीकडे तेजो नदी, समुद्रासारखी रुंद. तिथे तीन सकाळी गेलो. ह्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदाच बघत होते.

गुडघेवाल्यांसाठी खास सांगते. खालच्या बायशा भागातून किल्ल्याकडे चढायला दोन सार्वजनिक लिफ्ट आहेत, एकीतून निघून थोडं चालल्यावर दुसरी, आणि दोन्ही फुकट. सांता जुस्ताच्या 1902 सालच्या लोखंडी लिफ्टला मात्र मोठी रांग होती. वरचं दृश्यच हवं असेल तर कार्मूच्या बाजूने चालत तिच्या वरच्या पुलावर जाता येतं. कार्मूचं चर्चही बघाच. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही. कमानींच्या मधून थेट आभाळ दिसतं. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता, चर्चमधून मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. भूकंपामागून समुद्र आत आला आणि जे उरलं त्यातलं बरंचसं आगीत गेलं. आम्ही तासभर तिथल्या बाकावर बसून होतो.

तुमचं लिस्बन कसं होतं? काय खाल्लंत, कुठे बसलात, काय चुकलं? मोकळेपणी लिहा.

*

मडगावहून लिहितोय. बायकोने आल्फामा ह्या जुन्या वस्तीच्या पहिल्याच गल्लीत विचारलं, "अहो, आपण पणजीत फोंताईन्हासला आलोय का?" तेच पिवळे-निळे रंग, तसेच गच्चीचे कठडे, खिडकीत तशाच कुंड्या.

मला लिस्बनला जायचंच नव्हतं. माझे आजोबा 1955 च्या गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते, आग्वादच्या तुरुंगात राहून आलेले. तुरुंग हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांकडूनच आपल्याकडे आला, असं ते सांगायचे. बेलेंमच्या जेरोनिमुश मठात शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. नक्षी फार सुंदर, कोरलेल्या दोरखंडांवर हात फिरवावासा वाटतो. मी हात मागे घेतला. बायको काही न बोलता बाजूला उभी राहिली. नदीकाठी दर्यावर्द्यांचं ते प्रचंड स्मारक आहे, त्यात आपल्या हापूसला ज्याचं नाव मिळालं तो आफोन्सो द आल्बुकेर्कसुद्धा आहे. आज दिसतं ते स्मारक 1960 साली उभं राहिलं. म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या जेमतेम एक वर्ष आधी हे लोक हे बांधत होते. आजोबा तेव्हा हयात होते. हे मला तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं आणि घसा दाटून आला.

जवळच 1837 पासून चालणारं पाश्तेलचं दुकान आहे. पाश्तेल द नाता गरम गरम खायचा, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवून. कडेचा पापुद्रा कुरकुरीत, मध्ये अंड्याच्या बलकाची साय, वरती काळपट डाग. पूर्वी मठांमधून कपड्यांना कांजी करायला पांढरा बलक वापरायचे, पिवळा उरायचा, त्यातून ही गोडं निघाली असं सांगतात. बायको म्हणाली, आपल्या बिबिंकाचा हा भाऊच.

आणि बशीत समोसा दिसला तर चकित होऊ नका. तिथे त्याला शामूसा म्हणतात आणि साध्यासाध्या कॅफेतही मिळतो. चौथ्या दिवशी एका गोवेकराच्या छोट्या खाणावळीत शाकुती खाल्ली. मालकाचं कुटुंब मोझांबिकमार्गे लिस्बनला आलेलं. त्यांनी कोंकणीतून "जेवलात मू?" विचारलं तेव्हा बायकोने अजून थोडा भात मागून घेतला.

*

आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यामुळे धाकधूक होती. काल्दो व्हेर्द नावाचं हिरव्या पालेभाजीचं आणि बटाट्याचं सूप सगळीकडे मिळतं, पण त्यात शोरिसाची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते. ती काढून देतात, पण सूप तिच्यासोबतच शिजलेलं असतं, म्हणून आधी विचारून घ्या. आम्ही बाजारातून पाव, चीज, ओले अंजीर, टोमॅटो आणून मिरादोरोवर बसून खाल्लं, आणि तीच आमची सगळ्यांत चांगली जेवणं. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथल्या कॅन्टीनमध्ये गुजराती जेवण मिळालं.

एक लक्षात ठेवा. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, लोणी आणून ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर परत द्या, कोणी वाईट मानत नाही.

*

28 नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये माझं पाकीट गेलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोने दिलेलं होतं. पैसे फार नव्हते, पण आत मुलाचा लहानपणीचा फोटो होता, तो गेला ह्याचं अजून वाईट वाटतं. दुपारच्या गर्दीत चढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कांपू द ओरिकच्या टोकाकडून बसलो तर ट्राम जवळजवळ रिकामी. लाकडी खिडकी खाली ओढून बसलो. गल्लीतून जाताना भिंत इतकी जवळ येते की आझुलेजूच्या, म्हणजे भिंतीला लावलेल्या रंगीत फरशीवरची नक्षी ओळखता येते. बायकोने माझा हात पूर्ण वेळ धरून ठेवला होता.

*

आम्ही म्युनिकला असतो, तिथून चार दिवसांसाठी गेलो होतो. फादोबद्दल, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्याबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आल्फामातल्या एका छोट्या जागेत जेवण चाललं होतं. अचानक दिवे मंद झाले, वाढपी होता तिथे थांबला, कोणी काटाही हलवला नाही. काळी शाल घेतलेली एक बाई भिंतीला टेकून उभी राहिली. बारा तारांची पोर्तुगीज गिटार सुरू झाली आणि तिने माईकशिवाय आवाज लावला. एक शब्द कळला नाही. माझी आजी दळताना ओव्या म्हणायची, ती आठवली. नवरा गाण्यातला नाही, पण तोही मान खाली घालून ऐकत होता. तीन गाणी झाली की दिवे लागतात आणि जेवण पुन्हा सुरू. घाई असेल तर जाऊ नका, रात्रीचे साडेबारा होतात.

*

आमचं सगळं पावसाने बदललं. लिस्बनचे फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या दगडाच्या लहान लहान तुकड्यांचे असतात, वर्षानुवर्षं पावलांनी गुळगुळीत झालेले. ओले झाले की उतारावर बूट टिकत नाही. तिसऱ्या दिवशी सौ. घसरल्या, घोटा सुजला. रस्त्यातल्या दोन अनोळखी मुलांनी खुर्ची आणून दिली, एकीने समोरच्या घरातून बर्फ आणला. रबरी तळव्याचे बूट न्या, हे कळकळीने सांगतो.

पुढचे दोन दिवस आम्ही खोलीच्या खिडकीतच काढले. खाली भाजलेले चेस्टनट विकणाऱ्याची गाडी लागायची, तिचा पांढरा धूर वरपर्यंत यायचा. मी खाली जाऊन एक डझन आणायचो. टरफलावर मिठाची पांढरी पूड, आत पिठूळ गोड गर. सौ. सोलायच्या, एक मला, एक स्वतःला. समोरच्या बाईने दोरीवर कपडे घातले, पाऊस आला, तिने काढले, ऊन आलं, पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला बघून हात हलवला.