पिवळ्या भोंग्यासारख्या फुलांचं हे झुडूप नेमकं कोणतं?

कुंपणकाठ
अंगणात कुंपणालगत आधीपासून लावलेलं एक झुडूप आहे. उंची ८-९ फूट, बुंध्यापासूनच चार-पाच फांद्या फुटलेल्या. फुलं पिवळी, भोंग्यासारखी, एका वेळी थोडीच उमललेली. पानं अरुंद आणि चकचकीत. मोबाइलच्या अ‍ॅपनं तीन फोटोंना तीन नावं दिली: टेकोमा, अलामांडा, पिवळी कण्हेर. अंगणात लहान मूल आणि कुत्रा वावरतात, त्यामुळे नाव खात्रीनं कळायला हवं. शिवाय झाड छाटायचंही आहे.

पर्णरेखा
फुलाचा फोटो समोरून काढला की अ‍ॅप गंडणारच, कारण समोरून ही तिन्ही फुलं म्हणजे पिवळे भोंगेच. फूल तूर्त विसरा आणि पुढच्या गोष्टी बघून सांगा.

पहिली, चीक. शेंड्याकडचं कोवळं पान देठापाशी तोडा (हातमोजे घालून). दुधासारखा चीक आला तर टेकोमा बाद, त्याला चीक नसतो. जून, वाळकं पान तोडून ‘चीक नाही’ असं ठरवू नका.

दुसरी, पानांची मांडणी. एका पेरावर एकच पान आहे, दोन समोरासमोर आहेत, की तीन-चार पानांचं कडं आहे? कोवळ्या शेंड्यावर पानं दाटीवाटीनं असतात, तिथे फसगत होते. फूटभर खाली, पेरं लांब झाली आहेत तिथे बघा.

तिसरी, पानाची कड दातेरी आहे का आणि शिरा कशा दिसतात. चौथी, फळ. झाडावर नसेल तर खाली पालापाचोळ्यात शोधा. सुकलेलं फळसुद्धा चालेल.

देठापासून
यात एक भर. टेकोमाचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर पाच-सात किंवा जास्त दातेरी पर्णिका (पानाचे सुटे छोटे भाग). बरेच जण एकेका पर्णिकेलाच पान समजतात आणि तिथून सगळंच चुकत जातं. खूण सोपी आहे: खऱ्या पानाच्या बेचक्यात, देठ फांदीला जुळतो तिथे, बारीक डोळा (नव्या फुटीचा कोंब) असतो. पर्णिकेच्या बुडाशी तो नसतो.

कुंपणकाठ
बघितलं. चीक पांढरा, भरपूर. पानं एकेक, फांदीभोवती मळसूत्रासारखी वर चढत गेलेली. बेचक्यात डोळा आहे. लांबी सुमारे ५ इंच, रुंदी अर्ध्या इंचाहून कमी, कड सरळ. मधली शीर ठळक, बाजूच्या जवळजवळ दिसतच नाहीत. खाली एक काळं पडलेलं फळ मिळालं, बसकं, कंगोरे असलेलं, आत टणक बाठ.

पर्णरेखा
मग वादच संपला. ही बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेशिया. थेवेशिया पेरुवियाना हे तिचंच जुनं नाव, रोपवाटिकेच्या पाटीवर ते दिसलं तर वेगळं झाड समजू नका. अलामांडा असता तर पानांचं कडं दिसलं असतं आणि फळ काटेरी असतं. टेकोमाला लांब, चपट्या शेंगा येतात आणि आत पंख असलेल्या बिया. नेहमीच्या कण्हेरीची पानं बहुधा तीन-तीनच्या कड्यात असतात, बाजूच्या शिरा दाट नि समांतर दिसतात आणि शेंगा लांबट असतात.

आता महत्त्वाचं: बिट्टीचा प्रत्येक भाग विषारी आहे, बी तर सर्वांत जास्त. त्यातली ग्लायकोसाइडं (विषारी द्रव्यं) हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात, म्हणून नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात. वाळल्यानं विष जात नाही. पालापाचोळ्यातली बाठही तितकीच धोक्याची. कुणी चावलं किंवा गिळलं तर त्रास दिसेपर्यंत थांबू नका. घरी उलटी करवू नका, फळाचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. कुत्र्यासाठी पशुवैद्य.

कुंपणकाठ
म्हणजे काढूनच टाकावं का?

देठापासून
मूल खाली पडलेलं तोंडात घालण्याच्या वयाचं असेल तर माझं मत सरळ आहे: काढा. फळं वेचत राहू हा बेत टिकत नाही, एखादं राहतंच.

ठेवायचंच असेल तर बहर ओसरल्यावर लगेच, फळं धरण्याआधी छाटा. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, त्यामुळे एक तृतीयांश उंची कमी केली तरी फुलोरा बुडत नाही, उलट फांद्या वाढतात. काप डोळ्याच्या जरा वर, तिरका. हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा हवाच. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कात्री तिथल्या तिथे साबणानं धुवा, नाहीतर चीक वाळून पाती चिकटतात.

पर्णरेखा
छाटलेल्या फांद्या जाळू नका, जनावरांच्या चाऱ्यात किंवा गोठ्याजवळ टाकू नका. आणि काढणार असाल तर बुंधा जमिनीलगत कापून भागणार नाही, खालून पुन्हा फुटवे येतात. भोवतीची माती मोकळी करून मुळासकट उपटा. पुढचे काही महिने तिथे उगवणारी रोपं हातानं काढत राहा, पडलेल्या बाठी रुजतात.

कुंपणकाठ
काढतोय. तोवर त्या कोपऱ्याला जाळी लावून घेतो.