शिक्षकच व्हायचंय, मग दोन महिने रिसर्च लॅबमधे कशाला?

गोंधळलेली_खडू
टीचर ट्रेनिंगला आहे, विषय बायोलॉजी. सुट्टीत ८ आठवडे एका सायंटिस्टच्या हाताखाली इंटर्नशिप मिळतेय, फळमाशांवर म्हणजे ड्रोसोफिलावर काम आहे. घरचे म्हणतात तू काय सायंटिस्ट होणारेस का, त्यापेक्षा वर्गात उभं राहायची प्रॅक्टिस कर. मलाही धाकधूक आहेच, तिथे सगळे पीएचडीवाले आणि मी बाटल्या धुणार की काय. कोणी केलंय का असं? वर्गात खरंच उपयोग होतो?

माशीवाली_टीचर
मी केलंय आणि माशांवरच केलंय 😄 बाटल्या धुतल्या, पण ते सगळेच धुतात. मला पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर असा क्रॉस (म्हणजे ठरवून जोडी जुळवणं) लावायला दिला होता. पुस्तकाप्रमाणे सगळ्या मुली लाल डोळ्यांच्या आणि सगळे मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघायला हवेत. साधारण १० दिवसांनी मायक्रोस्कोपखाली ब्रशने माशा वेगळ्या करतेय तर पांढऱ्या डोळ्यांच्या मुली, आणि एखाददुसरी नाही, चांगल्या ढीगभर! मला वाटलं मोजण्यात चुकले, परत मोजल्या, तेवढ्याच. खरं सांगते, आकडे गुपचूप "दुरुस्त" करायचा मोह झाला होता, शाळेत जर्नल तसंच तर लिहायचो आपण.
मॅडमना दाखवलं तर त्यांनी उत्तर सांगितलंच नाही, एवढंच विचारलं की क्रॉसला घेतलेल्या माद्या त्यांच्या बाटलीतून किती वाजता काढल्यास? मी संध्याकाळी बाटली रिकामी करून गेलेले आणि दुसऱ्या दिवशी १० ला आले. कोषातून निघालेली मादी २५ डिग्रीला साधारण ८ तासांपर्यंतच व्हर्जिन (नराशी अजून न जुळलेली) धरतात, म्हणजे माझ्या माद्यांचं रात्रीच त्याच बाटलीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या नरांशी जमलेलं. हे मी स्वतः शोधलं, त्याला दोन दिवस गेले आणि त्या दोन दिवसांत त्यांनी तोंड उघडलं नाही. आता वर्गात कोणाचं रीडिंग विचित्र आलं की मी लाल पेन काढत नाही, "किती वाजता काढल्यास" टाइपचा प्रश्न विचारते.

कोपऱ्यातला_बीकर
सगळ्यांचं असं होत नाही हां. मला सहा आठवडे एक्सेलमधे दुसऱ्याच्या प्रयोगाचे आकडे भरायला बसवलं होतं, कशाचे आकडे आहेत तेही तिसऱ्या आठवड्यात कळलं. गाइड चांगले होते पण भेटायचेच नाहीत. तेव्हा जायच्या आधीच विचार की माझा स्वतःचा छोटा का होईना प्रश्न असेल का, आणि रोजचं शिकवणार कोण, साहेब की त्यांचा विद्यार्थी (विद्यार्थी असेल तर वाईट नाही, उलट त्याला जास्त वेळ असतो). लॅब मीटिंगला बसू देतील का तेही.

आकडेमोड
किस्से ठीक आहेत, आकडा पण घ्या. कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिक्षकांना सलग दोन उन्हाळे लॅबमधे काम देणारा प्रोग्राम होता, त्यावर सॅम्युएल सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांचा पेपर २००९ मधे 'सायन्स'मधे आला. प्रोग्रामला लागल्यापासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या शिक्षकांच्या मुलांचं न्यूयॉर्क राज्याच्या सायन्स परीक्षेत पास व्हायचं प्रमाण बाकीच्या शिक्षकांच्या मुलांपेक्षा १०.१ टक्क्यांनी जास्त होतं. तिसऱ्या-चौथ्या, लगेच पुढच्या वर्षी नाही! शिवाय ते आधीच शिकवणारे शिक्षक होते, तुझ्यासारखे होऊ घातलेले नाहीत, त्यामुळे जसंच्या तसं लावू नकोस. आणि ते लॅबमधे नुसते राबत नव्हते, आपापसात बसून वर्गासाठी काय नेता येईल यावरही काम करायचे, माझ्या मते निम्मं गणित तिथेच आहे.

पिपेट_आणि_मी
लॅबवाल्याच्या बाजूने दोन शब्द. शिक्षक होणारा इंटर्न आला की "हे का करतो आपण?" असं इतक्या वेळा विचारतो की आमचीच पंचाईत होते. एक स्टेप आम्ही वर्षानुवर्षं उगाच करत होतो ते असंच कळलं. ये बिनधास्त.

गोंधळलेली_खडू
थँक्यू सगळ्यांना. बीकरदादाचे प्रश्न तसेच्या तसे मेल केले. उत्तर आलंय, छोटा प्रश्न माझा असेल, लॅब मीटिंगला बसायचं, आणि शेवटी उलट त्यांनीच विचारलंय की माद्या गोळा करायला सकाळी ७ ला येता येईल का 😅 माशीवाली ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर ७ च का ते कळलंच नसतं.